अप्पांची कानटोपी : टाके किती घालू?

खानापूरची_सून
नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला राहते. आमच्याकडे मार्गशीर्ष लागला की पहाटे असं धुकं उतरतं की अंगणातून गोठा दिसत नाही. आमचे अप्पा (सासरे) सत्तरीच्या पुढचे. पाचला उठून म्हशींची धार काढायची आणि किटली घेऊन डेअरीला चालत जायचं, यात खाडा नाही. बाजारातनं कानटोप्या आणून दिल्या. एक डोळ्यांवर घसरते, दुसरी कपाळावर वळ उठवते. दोन्ही गोठ्यातल्या खुंटीला आणि अप्पांच्या डोक्याला टॉवेल!

यंदा घरीच विणावी म्हणते. सुलट-उलट येतं, शाळेत मफलर केलेला. टोपी कधी केली नाही. डबल निट, म्हणजे मध्यम जाडीची लोकर आणली आहे, सुया ८ नंबरच्या, लांब दोन. गोल सुई नाही. एकच विचारायचं आहे, मोठ्या माणसाला टाके किती घालू?

अजून एक गोष्ट. अप्पा डोक्यावरची गांधीटोपी फक्त झोपताना काढतात.

निपाणकर_मावशी
९२ घाल गं. दोन सुलट दोन उलट. आमच्या ह्यांना, दिरांना, सगळ्यांना मी ९२ वरच करते. कुणी तक्रार केलेली नाही.

टिळकवाडीची_काकू
९२? लहान मुलाची होईल ती! ११२ घाल. माझ्या वहीत लिहिलेलं आहे, आईच्या हातचं.

अनगोळ_अक्का
१४४. मी तर कायम १४४ घालते बाई. एकदम मऊ आणि अंगाबरोबर बसते.

रेडिमेड_बंड्या
रस्त्यावर शंभर-दीडशेला टोपी मिळते. थंडीत तिबेटी लोक स्वेटरं घेऊन बसतात, त्यांच्याकडे बघा की. लोकरच त्याच्यापेक्षा महाग पडेल. कशाला हा उपद्व्याप?

टिळकवाडीची_काकू
@रेडिमेड_बंड्या, दोन विकतच्या टोप्या खुंटीला लटकल्यात असं तिनं वरच लिहिलंय. वाचून प्रतिसाद द्यावा.

खानापूरची_सून
९२, ११२ आणि १४४! आता मी काय करू? चिठ्ठ्या टाकू का?

उलटसुलट
चिठ्ठ्या नकोत, टेप काढा. (मी पुरुष आहे, विणतो, निवृत्त आहे. ह्या तिन्हींवर इथे आधी चर्चा झालेली आहे, पुन्हा नको.)

तिघींचे आकडे बरोबर आहेत, फक्त ते त्यांच्या त्यांच्या लोकरीचे आहेत. पैज लावतो, निपाणीच्या मावशी जाड लोकर आणि ६ नंबरची सुई वापरत असणार, अनगोळच्या अक्का बारीक, चार पदरी लोकर आणि १० नंबर. काकूंची वही डबल निटची. जाड लोकरीचे १० सेंटिमीटरमध्ये साधारण १८ टाके बसतात, डबल निटचे २२, चार पदरीचे २८. सरासरी डोकं ५६ सेंटिमीटर धरा. टोपी डोक्यापेक्षा ४-५ सेंटिमीटर कमीच विणायची, कारण वीण ताणते आणि ताणली तरच टोपी धरून बसते. म्हणजे ५१ सेंटिमीटरची टोपी. आता ५१ ला १.८ नं गुणा, २.२ नं गुणा, २.८ नं गुणा. ९२, ११२ आणि १४३ येतील. १४३ ला चारनं भाग जात नाही म्हणून १४४.

म्हणून ‘टाके किती’ हा प्रश्न शेवटचा. आधी डोकं किती आणि तुमच्या हातचे टाके १० सेंटिमीटरमध्ये किती, हे दोन आकडे द्या.

अनगोळ_अक्का
चार पदरी, १० नंबर. बरोबर ओळखलंत काका.

निपाणकर_मावशी
सहाच नंबरची सुई आहे खरं तुम्हाला कसं कळलं? ☺

खानापूरची_सून
काका, हातचे टाके मोजायचे म्हणजे काय? लोकरीच्या पट्टीवर लिहिलेलं असतं की, २२ टाके.

उलटसुलट
पट्टीवरचा आकडा कारखान्यातल्या कुणाच्या तरी हाताचा. तुमचा हात वेगळा. ३० टाके घालून बोटभर नव्हे, चांगला वीतभर तुकडा विणा. एक सुई (म्हणजे एक ओळ) सुलट, एक सुई उलट. सुईवरून उतरवून कोमट पाण्यातनं काढा, सपाट वाळवा. मग कडेचे टाके सोडून मधोमध १० सेंटिमीटरची पट्टी ठेवून मोजा. सुईवर असताना मोजू नका, तिथे तो ओढलेला असतो. अर्धा टाका आला तर अर्धाही धरा. १० सेंटिमीटरला दोन टाक्यांचा फरक पडला तर सबंध टोपीत पाच सेंटिमीटरची तफावत होते, आणि घसरणारी टोपी आणि वळ उठवणारी टोपी यांच्यात अंतर तेवढंच असतं.

बाजारच्या टोपीचा दोष असा काही नसतो. ती एकाच मापाची सगळ्यांसाठी असते, एवढंच.

क्रोशावाली
मला इथे तोंड खुपसायचं आहे. क्रोशाने केलीत तर हे गणितच नको. डोक्याच्या मधून सुरुवात करायची, गोल वाढवत न्यायचा, घालून बघायची, पुन्हा पुढे. मी आजवर एकही नमुन्याचा तुकडा विणलेला नाही.

उलटसुलट
गणित तिथेही आहे, तुम्ही ते डोळ्यांनी करता. ५५ सेंटिमीटरच्या टोपीला वरची चकती साडेसतरा सेंटिमीटर झाली की वाढवणं थांबवावं लागतं. परिघाला ३.१४ नं भागलं की ती येते. चकती मोठी झाली तर टोपी भांड्यासारखी उभी राहते, लहान राहिली तर डोक्यावर चढत नाही. आणि क्रोशा लोकर जास्त खातो, ताणतो कमी. म्हशीच्या गोठ्यात वाकायचं-उठायचं तर विणलेली बरी.

क्रोशावाली
ताणतो कमी हे मान्य. बाकीचं अमान्य. माझ्या टोप्या उभ्या राहत नाहीत!

सिस्टर_चिकोडी
ताई, अप्पांचं माप घेताना एक करा. टेप भुवयांच्या वर एक बोट ठेवून, कानांच्या वरून, मागे डोक्याचा फुगीर भाग असतो त्यावरून फिरवा. टेप टेकला पाहिजे, आवळायचा नाही. उंचीसाठी एका कानाच्या पाळीपासून डोक्यावरून दुसऱ्या पाळीपर्यंत मापा आणि निम्मं करा. हे माप बहुतेक जण घेतच नाहीत. घेर बरोबर असूनही टोपी वर सरकते ती उंची कमी पडल्यामुळे.

आणि अप्पा कानाचं मशीन लावतात का? लावत असतील तर कानावर घट्ट वीण नको. टोपी दाबून बसली की मशीन शिट्टी मारतं, मग माणूस एक तर टोपी काढतो नाही तर मशीन.

खानापूरची_सून
मशीन नाही हो सिस्टर. चष्मा आहे, तो दूध घालायला जाताना खिशात.

मापं घेतली. अप्पांना मापासाठी बसवणं हेच मोठं काम. ‘कसलं माप काढालीस, शवपेटी करालीस काय?’ म्हणाले. डोकं टोपीशिवाय ५७. गांधीटोपीवरून ६०. पाळी ते पाळी ४३, गांधीटोपी घालून ४८. तुकडा विणला, धुतला. माझे टाके २४ बसतात, ओळी ३०.

टिळकवाडीची_काकू
‘शवपेटी’! अप्पा भारीच आहेत. त्यांना माझा नमस्कार सांग.

हात घट्ट आहे तुझा. सुई बदलून ७ घेतलीस तर २२ वर येशील.

उलटसुलट
सुई बदलायची गरज नाही. घट्ट वीण जास्त ऊबदार असते, वारा शिरत नाही. धुक्यातनं चालायचं आहे. टाकेच बदलू.

५७ मधून पाच गेले, ५२. गुणिले २.४ म्हणजे १२४.८. हा आकडा तसाच घ्यायचा नाही. बॉर्डर दोन सुलट दोन उलट असल्यामुळे चारनं भाग जायला हवा, आणि टोपीचं डोकं बंद करताना आठ भाग करणार म्हणून आठनं. म्हणजे १२० किंवा १२८. १२० ची टोपी ५० सेंटिमीटरची होते. तरुण माणसाला चालेल. अप्पांच्या कपाळावर आधीच वळ उठलेत, शिवाय खाली गांधीटोपी आहे, म्हणून १२८. ती ५३ च्या थोडी वर होते. ६० वर ताणून बसेल, नुसत्या डोक्यावरही सैल पडणार नाही.

दोन सुयांवर विणून मागे शिवणार, म्हणून दोन टाके शिवणीचे जास्त. १३० घाला.

खानापूरची_सून
काका, मग गांधीटोपी असताना-नसताना उंचीत अडीच सेंटिमीटरचा फरक पडतो त्याचं?

उलटसुलट
तो घडीत, म्हणजे खालची बॉर्डर बाहेरून वर दुमडतो त्यात, जिरवायचा. गांधीटोपी घालून उंची २४. वर ६ घडीसाठी. एकूण ३०. त्यातले डोकं बंद करायचे साधारण साडेसात. म्हणजे साडेबावीस सेंटिमीटर सरळ विणायचं, पहिले १२ दोन-दोनची बॉर्डर, पुढे सुलट. अप्पांनी गांधीटोपी काढली तर घडी थोडी जास्त दुमडतील. कानावर दोन पदर येतात हा वरचा फायदा. कान झाकायला वेगळे कानपट्टे करायची गरज नाही.

टाके ६ नंबरच्या सुईवर घाला, बॉर्डर ९ नंबरनं, वरचा भाग तुमच्या ८ नंबरनं. टाके घालायची कड आवळली की बाकी सगळी वीण कितीही ताणू दे, कपाळावर वळ त्या कडेचाच उठतो. बाजारच्या टोपीची कड ओढून बघा, कळेल.

शिवताना घडीच्या भागातली, म्हणजे खालचे ६ सेंटिमीटर, शिवण बाहेरच्या बाजूनं घाला. दुमडल्यावर ती आपोआप आत जाते. अर्धीअधिक घरगुती टोप्यांच्या घडीवर मागे शिवणीचा दोरा दिसत असतो, बघवत नाही.

निपाणकर_मावशी
हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं हो. माझ्या सगळ्या टोप्यांना दिसतो तो दोरा.

खानापूरची_सून
डोकं कसं बंद करायचं तेही लिहाल का? व्हिडिओ बघितला खरं ती बाई गोल सुईवर करते.

टिळकवाडीची_काकू
मी लिहिते, काकांची बोटं दुखली असतील. कडेचा एकेक टाका सोडून दे, तो शिवणीचा. मधले १२८, सोळा-सोळाचे आठ भाग. सुलट बाजूला चौदा सुलट, मग दोनाचा एक (दोन टाके एकत्र विणून एक करायचा). असं आठ वेळा. मागची सुई नुसती उलट. पुढच्या सुलट सुईला तेरा सुलट, दोनाचा एक. असं एक सुई सोडून एक कमी करत ये, भागात आठ टाके उरेपर्यंत. त्यानंतर प्रत्येक सुईला कमी करायचं, उलट बाजूलासुद्धा दोनाचा एक उलट विणून. शेवटी भागाला एक म्हणजे आठ, आणि कडेचे दोन. दहा टाके. लोकर हातभर ठेवून तोड, दाभणात ओव, दहाही टाक्यांतून काढून ओढून घे आणि त्याच दोऱ्यानं मागची शिवण घाल.

निम्म्यानंतर प्रत्येक सुईला कमी का करायचं विचारशील. तसं नाही केलं तर वर शेंडी येते. बाळाला गोड दिसते. अप्पांना नको.

रेडिमेड_बंड्या
एवढं गणित तर आम्हाला शाळेत जमलं नाही. ठीक आहे, शब्द मागे घेतो. माझ्या डोक्याला कुठलीच टोपी बसत नाही, ६१ आहे. त्याला किती?

अनगोळ_अक्का
आधी लोकर आण. मग हातचे टाके मोज. मग विचार.

येळ्ळूरची_आई
नमस्कार. मी लिहायला जरा कच्ची हाय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझं पोरगं मिल्ट्रीत हाय. भरती झालं तवा हितंच बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरला ट्रेनिंग झालं, आता लई थंडीच्या ठिकाणी हाय. कुठं ते सांगत नाही. सरकारचं सगळं मिळतंय म्हणतो, खरं आईच्या हातची टोपी पाठव म्हणालाय. डोकं हितं नाही, माप कसं काढू?

उलटसुलट
वहिनी, उत्तम लिहिलंत. त्याला फोनवर सांगा, बुटाची नाडी नाही तर सुतळी डोक्याभोवती गुंडाळायची, जिथे टोक जुळतं तिथे चिमटीत धरायचं आणि सुतळी पट्टीवर ठेवून मोजायची. त्याच्या जुन्या टोपीच्या आत नंबर असेल तर तोही विचारा. ५६, ५७, ५८ असा असेल तर ते सेंटिमीटरमधलं डोक्याचंच माप.

तो हेल्मेटखाली घालणार का? घालणार असेल तर लोकर चार पदरी घ्या, घडी नको, वर गोंडा नको. बॉर्डर फक्त चार सेंटिमीटर. शिवण तर अगदी सपाट हवी, टाक्याला टाका लावून शिवलेली. हेल्मेट तासन्‌तास डोक्यावर असतं, खालची जाड शिवण रुतत राहते. जमलं तर चार सुयांवर बिनशिवणीची करा.

येळ्ळूरची_आई
चार सुयांवर येतंय मला. मोजे विणतो आम्ही. मग ह्याला विचारून सांगते.

रायबागचा_बाळू
इकडे एवढी विणणारी मंडळी आहेत म्हणून विचारतो. आमच्याकडे मेंढरं आहेत. दख्खनी, काळी लोकर. वर्षातनं दोनदा कातरण होते. घोंगडीला लोकर जाते तरी घरात शिल्लक राहते. आजी अजून चातीवर सूत काढते. त्या सुताची टोपी होईल का? थंडीला घोंगड्यासारखं दुसरं काही नाही.

क्रोशावाली
टोचेल!

रायबागचा_बाळू
अक्का, आम्हाला सवय हाय. तुम्हाला टोचेल.

उलटसुलट
होईल. दख्खनी लोकरीचा तंतू जाड, म्हणून ती घोंगडीला टिकते आणि म्हणूनच कपाळाला चावते. पण लोकरीचा जो गुण तो तिच्यात पुरेपूर आहे. आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के ओल पिऊनसुद्धा ती ओली लागत नाही आणि ऊब सोडत नाही. अॅक्रिलिकला हे जमत नाही. धुक्यात भिजलं की ते गार पडतं.

आतून अस्तर लावा. जुन्या धोतराचं किंवा सुती साडीचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. फक्त कापड उरेब, म्हणजे तिरकं कापा. सरळ कापलेलं कापड ताणत नाही, मग वरची टोपी ताणेल आणि अस्तर अडेल, आणि डोक्यात जाणारच नाही. कडेला शिवतानाही टाके सैल. आजींच्या हातचं सूत एकसारखं जाड नसणार, म्हणून तुकडा विणून मोजल्याशिवाय आकडा सांगत नाही.

रायबागचा_बाळू
विणणार कोण हा प्रश्न आहे. आजीला सूत येतं, विणकाम नाही. मीच शिकू का?

टिळकवाडीची_काकू
शीक की. काका शिकले तसं.

खानापूरची_सून
बाळूदादांचं वाचून धास्ती बसली. माझी लोकर अॅक्रिलिकच आहे. दुकानात विचारलं तर ‘सगळी लोकरच’ म्हणाले. आता टाकून देऊ?

अनगोळ_अक्का
मुळीच टाकू नकोस. गोठ्यात घालायची टोपी आहे, शेण-दुधाचे डाग पडणार, आठवड्याला धुवावी लागणार. अस्सल लोकर गरम पाण्यात पडली की आटून बाळाची होते. ती धुवायची तर गार पाणी, रिठा, पिळायचं नाही, टॉवेलात दाबून सपाट वाळवायची. घरात दहा कामं असताना कोण करतंय? अॅक्रिलिक बादलीत टाक, काढ, वाळव. फक्त इस्त्री लावू नकोस, वीण मरते, मग पुन्हा ताणत नाही.

उलटसुलट
इथे माझं आणि अक्कांचं पटणार नाही. अर्धी लोकर अर्धं अॅक्रिलिक असा धागा मिळतो, तो मध्यम मार्ग. पुढच्या वेळी पट्टी वाचून घ्या, त्यावर टक्केवारी छापलेली असते. दुकानदाराला विचारू नका. यंदाची करून टाका, घडीत दोन पदर आहेत, अप्पांना गार लागणार नाही.

अनगोळ_अक्का
मध्यम मार्ग पण महिन्यात गोळे धरतो. असो.

सिस्टर_चिकोडी
अर्धी उष्णता डोक्यातनं जाते वगैरे मेसेज फिरतात म्हणून सांगते, मोठ्या माणसाच्या बाबतीत तसं नाही. डोकं अंगाच्या सुमारे दहावा भाग, उष्णताही साधारण तेवढीच जाते. बाकी अंग झाकलेलं आणि डोकं उघडं असलं तर मात्र तिथलंच गार लागतं. म्हणून अप्पांना टोपीबरोबर पायात मोजेही द्या.

तान्ह्या बाळाचं वेगळं. त्याचं डोकं अंगाच्या मानानं मोठं, म्हणून तिथून ऊब खूप जाते. कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी धरून ठेवतात तेव्हा टोपी आणि मोजे घालतातच. आमच्याकडे आज्या हौसेनं बारशाला टोपडी आणतात, ती दोन आठवड्यांत बसेनाशी होतात. जन्मताना डोकं साधारण ३४-३५ सेंटिमीटर, तीन महिन्यांत ४०, वर्षाला ४५-४६. पुढे वाढ मंदावते, पाच वर्षांच्या मुलाचं ५०-५१. म्हणजे पहिल्या वर्षाचीच घाई असते. विणायचंच असेल तर तीन महिन्यांच्या मापाची विणा. आणि गळ्याखाली बांधायच्या लांब नाड्या लावू नका, बाळ झोपलं की गळ्याभोवती आवळतात. गोंडाही नको, ओढून तोंडात घालतात.

निपाणकर_मावशी
सिस्टर, माझ्या आईला केस खूप. अंबाडा घालते, या वयातही मुठीएवढा. सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला पौर्णिमेला जाते, रात्री उघड्यावर मुक्काम. टोपी घातली की अंबाड्यावर तंबू होतो. अंबाडा सोडायला सांगून बघितलं, माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही.

टिळकवाडीची_काकू
मावशी, मागची शिवण पूर्ण घालूच नका. मध्ये सात-आठ सेंटिमीटर उघडी ठेवा, अंबाडा तिथून बाहेर. उघड्या कडेचे टाके उचलून दोन ओळी सुलट-सुलट विणून घ्या म्हणजे कड लोळत नाही. माप मात्र अंबाड्याच्या खालून घ्यायचं, वरून नाही. आणि आईंना पदर घ्यायचाच असणार, तर रंग साडीला जाईल असा गडद घ्या, नाही तर टोपी पिशवीतच राहील.

निपाणकर_मावशी
पिशवीतच राहिली होती की ओ, गुलाबी केली होती मी.

क्रोशावाली
खानापूरच्या ताई, आणखी एक. व्हिडिओ बघून करणार असाल तर सुईचा नंबर जपून. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक, अमेरिकन नंबरात वाढला की जाड. त्यांची ८ म्हणजे ५ मिलिमीटर, आपली ८ म्हणजे ४. मिलिमीटर बघा, नंबर बघू नका. क्रोशाच्या सुयांना पण हाच घोळ आहे.

उलटसुलट
हे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं. धन्यवाद. एक मिलिमीटर ऐकायला लहान वाटतो, पण ५ मिलिमीटरवर डबल निट विणली तर वीण जाळीदार होते, वारा आरपार.

खानापूरची_सून
टाके घातले. बॉर्डर संपत आली. अप्पा रोज संध्याकाळी येऊन बघून जातात, बोलत काही नाहीत. काल विचारलं, ‘ह्याला कान झाकायचे पट्टे नाहीत होय?’ सांगितलं घडी आहे. ‘मामाच्या टोपीला होते’ म्हणाले. आता १२८ वर पट्टे कसे बसवू? करायचेच झाले तर?

टिळकवाडीची_काकू
ज्या माणसाला टोपीच नको होती त्याला आता पट्टे हवेत. छान चाललंय.

उलटसुलट
घडी हवी असेल तर पट्टे नकोत, दोन्ही मिळून कानावर गादी होते. आता बॉर्डर झालीच आहे तर पुढे चला, ही घडीचीच होऊ द्या. पट्ट्यांची दुसरी करा, तेव्हा बॉर्डर तीन सेंटिमीटर पुरे. १२८ ची वाटणी अशी : मागे २० टाके, दोन्ही कानांना २८-२८, पुढे कपाळाला ५२. कान डोक्याच्या बरोबर मध्ये नसतात, थोडे मागे असतात, म्हणून पुढचा भाग मोठा. सारखे वाटले तर पट्टे गालावर येतात. कानाच्या २८ वर सुलट-सुलट विणत एक सुई सोडून दोन्ही कडांना एकेक कमी करा. आठ उरले की बंद करा किंवा त्याच आठांची नाडी विणा. अप्पा मोठे आहेत, त्यांना नाडी चालेल.

खानापूरची_सून
म्हणजे दोन टोप्या. लोकर पुरेल का? ५० ग्रॅमचे तीन गुंडे आहेत.

अनगोळ_अक्का
घडीच्या टोपीला दोन गुंडे जवळजवळ संपतील. पट्ट्यांचीला दीड धर. एक गुंडा आत्ताच आणून ठेव, नंतर त्याच रंगाचा मिळतो खरं छटा बदलते. पट्टीवर रंगाच्या नंबराखाली लॉट नंबर असतो, तो जुळवून घे.

येळ्ळूरची_आई
पोराचा फोन आला. नाडी गुंडाळून मोजलं, ५८ भरलं. हेल्मेटखालीच घालणार म्हणाला. चार पदरी आणली, मेहेंदी रंगाची. तुकडा विणला, २८ टाके येत्यात. हिशेब तेवढा बघा.

उलटसुलट
५८ मधून पाच, ५३. गुणिले २.८, १४८. आठनं भाग जाणारे जवळचे आकडे १४४ आणि १५२. हेल्मेटखाली टोपी हलता कामा नये, म्हणून १४४. बिनशिवणीची करताय, शिवणीचे दोन टाके नकोत. बॉर्डर ४ सेंटिमीटर, मग सुलट. चार सुयांवर गोल विणताना उलट सुई येतच नाही. कडेपासून १४ सेंटिमीटर झालं की डोकं बंद करायला घ्या. अठरा-अठराचे आठ भाग, सोळा सुलट आणि दोनाचा एक, पुढचा फेरा नुसता सुलट. भागात नऊ राहिले की प्रत्येक फेऱ्याला कमी. शेवटचे आठ टाके दाभणात ओवून आत ओढा आणि गाठ आतल्या बाजूला सपाट दाबून शिवा, वर नको.

येळ्ळूरची_आई
बरं. आणि एक करून झाली की त्याच्या शेजारच्या खाटेवरच्या पोराचं पण माप मागवलंय. ते ५५ हाय.

अनगोळ_अक्का
५५ ला १३६ किंवा १४४. त्याचं माप नाडीनं घेतलंय ना? मग १३६ घाला वहिनी, चार पदरी भरपूर ताणते.